जैतुनाची रेषा

इसवी सनाच्या पहिल्या शतकात कोलुमेला नावाच्या एका रोमन गृहस्थाने शेतीवर बारा खंडांचा ग्रंथ लिहिला. हा मूळचा स्पेनच्या दक्षिण किनाऱ्यावरील गादेसचा, म्हणजे आजच्या कादिझचा. ग्रंथाच्या आरंभी पूर्वसूरींचा परामर्श घेताना तो सासेर्ना या लेखकाचा उल्लेख करतो. सासेर्ना पितापुत्र कोलुमेलाच्या आधी शतकाहून अधिक काळ होऊन गेले. त्यांचे लेखन आज उपलब्ध नाही. परंतु त्यातील एक निरीक्षण कोलुमेलाने टिपून ठेवले म्हणून आपल्यापर्यंत पोहोचले. ते असे की, ज्या प्रदेशांत पूर्वी हिवाळ्याच्या कडाक्यामुळे द्राक्षवेल किंवा जैतून लावला तरी जगत नसे, तेथे आता थंडी ओसरल्यामुळे दोहोंचे भरघोस पीक येऊ लागले आहे. सासेर्नाने त्यावरून आकाशाची स्थितीच पालटली असावी असा तर्क केला. हिप्पार्कस या थोर ग्रीक ज्योतिर्विदाच्या मताचाही त्याला आधार होता. कोलुमेला मात्र व्यवहारी. हा वाद ज्योतिषशास्त्र्यांनी मिटवावा असे म्हणून तो पुढच्या विषयाकडे वळला.

प्रस्तुत लेखकाची नोकरी मध्य प्रदेश शासनाच्या महसूल खात्यात गेली. पिकांच्या नुकसानीचे पंचनामे, पीकपाहणीच्या नोंदी आणि त्यांवरील हरकती यांतच आयुष्याची उमेदीची वर्षे सरली. त्यामुळे शेतकऱ्याने झाडाकडे बोट दाखवून ऋतूविषयी केलेले विधान हसण्यावारी नेण्याची सवय मला नाही. हवामान बदलते आणि त्याची साक्ष झाडांची सरहद्द देते, ही कल्पना आज सर्वत्र ऐकू येते; पण ती दोन हजार वर्षांपूर्वी एका शेतकऱ्याला सुचली होती, आणि तीही याच झाडावरून, हे वाचल्यापासून जैतुनाचा इतिहास मिळेल तेथून वाचण्याचा छंद मला जडला. त्या वाचनातून हाती आलेले थोडेसे येथे मांडतो.

जैतून म्हणजे ऑलिव्ह. नाव परके वाटले तरी कूळ परके नाही. जाई, जुई, मोगरा आणि आपला प्राजक्त ही सारी मंडळी वनस्पतिशास्त्रज्ञांच्या हिशेबी याच कुळातली. सह्याद्रीच्या रानातील पारजांब हा तर त्याचा अगदी निकटचा भाऊबंद. भूमध्य समुद्राकाठचा जैतून मात्र एका विशिष्ट ऋतुचक्राला बांधलेला आहे. तेथे पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा ठणठणीत जातो. आपल्या पावसाळ्याच्या नेमके उलट. लहान, जाड, चामड्यासारखे पान आणि त्याच्या पाठीवरची रुपेरी लव ही त्या कोरड्या उन्हाळ्यासाठी केलेली बेगमी होय. झाडाला थंडीचे भय आहे. पारा शून्याखाली सात-आठ अंशांवर गेला की फांद्यांना इजा होऊ लागते आणि बारा-तेरा अंशांच्या पुढे खोडही वाचेल याची खात्री राहत नाही. पण गंमत अशी की, याच झाडाला थंडी हवीही असते. हिवाळ्यात काही आठवडे पुरेसा गारवा मिळाला नाही तर मोहोर धरत नाही. तेव्हा जैतुनाच्या राज्याला दोन सीमा आहेत. उत्तरेकडची अतिथंडीची, ती सर्वांच्या डोळ्यांत भरते; दक्षिणेकडची अपुऱ्या थंडीची, आणि तिची फारशी चर्चा होत नाही.

ही दुसरी सीमा समजून घ्यायला गोमंतकाचे उदाहरण पुरे. १५१० ते १९६१ अशी साडेचारशे वर्षे तेथे पोर्तुगीजांचा अंमल होता. त्यांनी ब्राझीलमधून आणलेला काजू गोव्याच्या डोंगरउतारांवर असा काही फोफावला की तो परका होता हे आज सांगावे लागते. मिरची, अननस, पपई यांचीही तीच कथा. पण ज्या तेलावाचून पोर्तुगीज माणसाचे ना जेवण पुरे होई ना चर्चमधला विधी, ते जैतुनाचे तेल अखेरपर्यंत जहाजातूनच येत राहिले. पणजीचा पारा हिवाळ्यातही पंधराच्या खाली सहसा उतरत नाही. रोप लावले तर ते वाढेल, हिरवे राहील, सावलीही देईल. फळ धरणार नाही. आमच्या इंदूरच्या वाड्यात आजोबांनी मोठ्या हौसेने रत्नागिरीकडून आणलेले रातांब्याचे रोप होते. माळव्याच्या कोरड्या वाऱ्यात त्याने बारा-तेरा वर्षे काढली आणि एकही फळ न देता ते गेले. आजीने आमसुले शेवटपर्यंत कोकणातूनच मागवली. देशांतर केलेल्या घराण्यांना ही गोष्ट निराळी समजावून सांगायला नको.

आता मूळ इतिहासाकडे वळू. एजियन समुद्रातील सांतोरिनी बेटावर ज्वालामुखीच्या राखेच्या थरांत जैतुनाच्या पानांचे ठसे सापडले आहेत आणि ते पन्नास-साठ हजार वर्षांपूर्वीचे आहेत. म्हणजे शेवटच्या हिमयुगात युरोपचा मोठा भाग थंडीने उजाड झाला असता हे झाड समुद्रकाठच्या अशा काही आडोशांना तग धरून राहिले आणि थंडी ओसरल्यावर तेथून पसरले. त्यानंतर माणूस आला. यार्देन नदीच्या खोऱ्यात तेल त्साफ नावाचे एक प्राचीन वस्तीचे ठिकाण आहे. तेथील सुमारे सात हजार वर्षांपूर्वीच्या कोळशाच्या तुकड्यांत जैतुनाचे लाकूड ओळखता आल्याचे २०२२ साली संशोधकांनी प्रसिद्ध केले. आता या खोऱ्यात जैतून निसर्गतः उगवतच नाही. तो डोंगराळ भागातला. याचा अर्थ इतकाच होऊ शकतो की, कोणीतरी तो तेथे आणून लावला. म्हणजे जैतूनशेतीच्या अगदी पहिल्या पुराव्यातच माणूस त्या झाडाला त्याच्या नैसर्गिक सरहद्दीबाहेर नेताना दिसतो. ही गोष्ट मला फार मोलाची वाटते, कारण पुढच्या सगळ्या इतिहासात हेच दोन हात आलटून पालटून दिसतात. एक हवामानाचा आणि दुसरा माणसाचा. कोणत्या हाताने किती काम केले याचा निवाडा करणे सोपे नसते.

त्यासाठी संशोधक सरोवरांच्या तळाशी जातात. वाऱ्यावर उडालेले परागकण पाण्यात पडतात, गाळात दबतात आणि हजारो वर्षे टिकतात. गाळाचा उभा नमुना काढून थराथरांतले कण मोजले की कोणत्या शतकात आसपास कोणती झाडे होती याचा जणू तलाठ्याचा दप्तरच उघडतो. गालील सरोवराच्या तळातून काढलेल्या अशा नमुन्याचा अभ्यास तेल अवीव विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ साली प्रसिद्ध केला. इसवी सनापूर्वी सुमारे १२५० ते ११०० या दीडशे वर्षांत तेथे जैतुनासह भूमध्य प्रदेशातील इतर वृक्षांचेही परागकण एकदम घटलेले दिसतात. जंगली झाडेही घटली, त्या अर्थी केवळ शेती ओस पडली असे म्हणून भागत नाही. पाऊसच आटला होता. याच काळात हित्ती साम्राज्य कोसळले, उगारितसारखी भरभराटीची बंदरे जळाली आणि मिसरची सत्ता त्या भागातून मागे सरली. पुढे पाऊस परतला, तसे जैतुनाचे परागकणही वाढलेले दिसतात.

रोमन काळात मात्र ही रेषा उलट दिशेने, म्हणजे उत्तरेकडे आणि डोंगरावर सरकली. थिओफ्रास्टस या ग्रीक वनस्पतिशास्त्रज्ञाने, इसवी सनापूर्वीच्या चौथ्या शतकाच्या अखेरीस, जैतून समुद्रापासून तीनशे स्टेडिया, म्हणजे अदमासे पंचावन्न किलोमीटर, याहून दूर होत नाही असे नोंदवले. व्हेसुव्हियसच्या उद्रेकात इसवी सन ७९ मध्ये मरण पावलेल्या थोरल्या प्लिनीने हे मत उद्धृत करून पुढे सांगितले की, आता तर हे झाड आल्प्स ओलांडून गॉल आणि स्पेनच्या मध्यापर्यंत गेले आहे. तुर्कस्तानच्या नैर्ऋत्य भागातील सागालासोस या प्राचीन नगराच्या परिसरातही, हजार मीटरहून उंच अशा दलदलीच्या गाळात त्या काळचे जैतुनाचे परागकण भरपूर मिळाले आहेत.

मग सासेर्ना बरोबर होता काय? ज्याला रोमन उष्णकाळ म्हणतात तो इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकाच्या सुमारास भूमध्य प्रदेशात सुरू झाला, असे अनेक प्रकारचे पुरावे सांगतात. तेव्हा त्याचे निरीक्षण निराधार नव्हते. तथापि त्याच काळात रोमची सत्ता पसरत होती, गुलामांच्या श्रमावर मोठमोठ्या बागा उभ्या राहत होत्या, तेलाला शहरांतून प्रचंड मागणी होती आणि कलमे करून काटक जाती निवडल्या जात होत्या. थंडी ओसरली हे खरे, पण बाजारही तापला होता. फ्रेंच इतिहासकार एमान्युएल ल रॉय लादुरी याने १९६७ साली प्रसिद्ध केलेल्या हवामानाच्या इतिहासात याच मोहापासून सावध केले आहे. पिकाची सीमा हलली एवढ्यावरून हवामान हलले असे म्हणू नये. मजुरी, भाव, कर आणि प्रतिस्पर्धी पीक यांचा हिशेब आधी करावा, असा त्याचा आग्रह होता. महसूल खात्यातल्या कोणाही कारकुनाला हे पटेल. माळव्यात अफू कमी झाली आणि सोयाबीन वाढले ते काही ऋतू बदलले म्हणून नव्हे.

तरीही एक प्रकारचा पुरावा असा आहे की जेथे बाजाराला बोलायला जागा उरत नाही. तो म्हणजे एका रात्रीचा गारठा.

१७०९ च्या जानेवारीत, पाच-सहा तारखेच्या रात्री, फ्रान्सवर अशी थंडी कोसळली की मार्सेयच्या बंदरातले पाणी गोठले. लांगदोक आणि प्रोव्हान्स या दक्षिणेकडील प्रांतांत जैतुनाच्या बागा काळ्या पडल्या. जैतुनाचे एक वैशिष्ट्य असे की खोड मेले तरी बुंध्याशी जीव उरतो आणि तेथून नवे धुमारे फुटतात. पण त्या धुमाऱ्यांना भरीव फळ येण्यास दहा-पंधरा वर्षे लागतात, आणि तोवर कुटुंबाने खावे काय? अनेकांनी बुंधे उपटले आणि तीन-चार वर्षांत उत्पन्न देणारी द्राक्षे लावली. पुढे त्याच शतकाच्या अखेरीस आर्थर यंग हा इंग्रज शेतीतज्ज्ञ फ्रान्सभर फिरला आणि त्याने द्राक्ष, मका व जैतून यांच्या उत्तर सीमा नकाशावर रेषा ओढून दाखवल्या. नकाशावरची रेषा मोठी शांत दिसते. ती १७०९ सारख्या रात्रींनी आखलेली असते, हे नकाशा सांगत नाही.

१९५६ ची गोष्ट याहूनही उद्बोधक आहे. त्या वर्षी प्रोव्हान्समध्ये जानेवारी विलक्षण उबदार गेला. झाडांना वसंत आल्याचा भास झाला, त्यांच्यात रस चढू लागला. आणि फेब्रुवारीच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत उत्तरेचा वारा सुटून पारा शून्याखाली पंधरा अंश आणि काही ठिकाणी त्याहून खाली गेला. थंडी महिनाभर हटली नाही. खोडांत चढलेला रस गोठून साली उभ्या फाटल्या. त्याच वेळी युद्धोत्तर फ्रान्समध्ये कारखान्यांना माणसे हवी होती. बागा पुन्हा उभ्या करण्यात दहा वर्षे घालवण्यापेक्षा पुष्कळ घरांतल्या तरुणांनी शहराची वाट धरली. डोंगरउतारावर पिढ्यान्‌पिढ्या दगड रचून बांधलेल्या ताली झुडुपांखाली गेल्या. इटलीत तोस्कानावर अशीच वेळ जानेवारी १९८५ मध्ये आली. फ्लॉरेन्सजवळ पारा शून्याखाली वीस अंशांच्याही पलीकडे गेला आणि लाखो झाडे गेली. आज तेथे एकाच बुंध्यातून निघालेली तीन-चार बारीक खोडे दिसतात, ती बहुधा त्या हिवाळ्यानंतरची. तोस्काना मात्र आपल्या बागांसह टिकला, कारण तोवर उत्तम तेलाला जगभर गिऱ्हाईक मिळू लागले होते. गारठा दोन्हीकडचा सारखाच. पुढचा निर्णय घराघरांत, तेलाच्या भावाकडे आणि मुलांच्या तोंडाकडे पाहून झाला.

मराठीत पाला म्हणजे झाडाची पाने. हिंदीत पाला म्हणजे ती पाने जाळणारी थंडी. आम्हा माळव्यातल्या मराठी मंडळींना हे दोन्ही पाले ठाऊक असतात. जानेवारी २०११ मध्ये मध्य प्रदेशात असा पाला पडला की हरभरा, मसूर, तूर यांची शेते रातोरात शिजवल्यासारखी झाली. पंचनाम्यासाठी गावोगाव फिरताना पाहिलेले ते दृश्य अद्याप डोळ्यांसमोर आहे. परंतु हरभऱ्याचा शेतकरी पुढच्या हंगामात पुन्हा पेरतो. जैतुनाची बाग आजोबाने नातवासाठी लावलेली असते, आणि ती लावताना नातवाच्या काळातही ऋतू आपल्याच काळासारखे असतील हे त्याने न बोलता गृहीत धरलेले असते.

ते गृहीत आता डळमळले आहे. औद्योगिक युगापूर्वीच्या मानाने भूमध्य प्रदेश सुमारे दीड अंशाने तापला आहे. स्पेनमधील कोर्दोबा येथे १९८० च्या दशकापासून हवेतील जैतुनाचे परागकण रोजच्या रोज मोजले जातात. मूळ कारण शिंका आणि दम्याचे, कारण तेथे या परागकणांचा अनेकांना त्रास होतो. पण त्या नोंदींतून मोहोर पूर्वीपेक्षा लवकर येऊ लागल्याचे दिसून आले. एकट्या हाएन प्रांतात सहा कोटींहून अधिक झाडे आहेत. क्षितिजापर्यंत दुसरे काही दिसत नाही. २०२१-२२ च्या हंगामात स्पेनमध्ये पंधरा लाख टनांच्या आसपास तेल निघाले होते. पुढील हंगामात, म्हणजे २०२२-२३ मध्ये, ते सात लाख टनांच्याही खाली आले. पावसाने ओढ दिली होती आणि मे २०२२ मध्ये ऐन मोहोरात उष्णतेची लाट आली होती. २७ एप्रिल २०२३ रोजी कोर्दोबाला पारा ३८.८ अंशांवर पोहोचला. एप्रिल महिन्यात स्पेनच्या मुख्य भूमीवर इतकी उष्णता पूर्वी नोंदली गेली नव्हती. त्या वर्षीही पीक जेमतेमच आले. तेलाचे भाव असे चढले की स्पेनमधील दुकानदार बाटल्यांना चोरीपासून बचावाचे कुलूप लावू लागले. २०२४-२५ मध्ये पाऊस झाला, उत्पादन बरेचसे सावरले आणि भाव उतरले. झाड कणखर आहे. पण दोन लागोपाठची वर्षे लहान बागाइतदाराला पुरी पडतात.

दक्षिणेची ती दुसरी, अबोल सीमाही आता बोलू लागली आहे. उत्तर ग्रीसमधील हल्किदिकी हा भाग खाण्याच्या हिरव्या जैतुनांसाठी प्रसिद्ध. तेथे २०२३ साली झाडे निरोगी होती, कीड नव्हती, तरी फळ नावालाच धरले. आधीचा हिवाळा पुरेसा थंड पडला नव्हता. जैतूनमाशी ही या फळाची जुनी वैरीण. सौम्य हिवाळ्यात ती तगून राहते, मात्र उन्हाळा अतितप्त झाला तर तीही मरते. २०१४ साली या माशीने इटलीचे पीक धुळीला मिळवले होते. परंतु सगळेच हवामानाच्या माथी मारू नये. इटलीच्या दक्षिण टोकाला पुलिया प्रांतात २०१३ पासून झायलेला नावाच्या जिवाणूने शेकडो वर्षांची लाखो झाडे वाळवली, तो मध्य अमेरिकेतून शोभेच्या कॉफीच्या रोपाबरोबर आला असावा असे मानतात. म्हणजे येथेही माणसाचाच हात.

उत्तरेकडे काय चालले आहे? गार्दा सरोवराच्या पाण्याच्या उबेने त्याच्या काठावर मध्ययुगापासून जैतून होतोच. आता त्याहूनही वर, स्वित्झर्लंडच्या सीमेलगतच्या वाल्तेल्लिना खोऱ्यात, उन्हाकडे तोंड असलेल्या उतारांवर नव्या बागा लागल्या आहेत. वर्तमानपत्रांतून या बातम्या आनंदाने छापल्या जातात; जणू जैतून दक्षिणेकडून बिऱ्हाड उचलून उत्तरेला राहायला चालला. मला यात १९५६ ची आठवण येते. सरासरी तापमान वाढले म्हणजे कडाक्याची रात्र येणारच नाही असे नाही. उलट हिवाळा जितका उबदार तितके झाड लवकर जागे होणार, आणि जागे झालेल्या झाडावर पडलेला पाला निजलेल्या झाडापेक्षा कितीतरी घातक. शिवाय बाग म्हणजे केवळ झाड नव्हे. अंदालुसियातील घाणे, ताली, विहिरींचे हक्क, छाटणीचे हात, मुलीच्या लग्नात दिलेली झाडे, ही काही वाल्तेल्लिनाला नेता येत नाहीत.

शेवटी आपल्याकडची एक गोष्ट. राजस्थान सरकारने इस्राएली तंत्रज्ञांच्या साहाय्याने २००८ च्या सुमारास जैतुनाची लागवड सुरू केली आणि २०१४ साली बिकानेर जिल्ह्यातील लूणकरणसर येथे तेलाचा कारखानाही उभा राहिला. हिवाळा थंड, हवा कोरडी, ठिबक सिंचनाने पाणी. कागदावर सर्व जुळत होते. पण मोहोराच्या वेळी वाळवंटाचा उन्हाळा फार लवकर तापतो, आणि अपेक्षेइतके फळ सर्व ठिकाणी धरले नाही. पाने मात्र उत्तम येतात. जयपूरला गेलो असताना एका परिचितांनी त्या पानांचा चहा पाजला. किंचित कडवट लागला. पण वाईट नव्हता.